वाघोबाची पेटी मुकी का व्हायची

गोकुळ त्या दिवशी उजाडता उजाडता दारं धरून घरी आला आणि चहाला हात न लावता ओट्यावर बसून राहिला. गोकुळ माझा मुलगा, पन्नाशीला आलेला. सरीत पाणी भरलं की तिचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं, याला आमच्याकडं दारं धरणं म्हणतात. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा येते आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात माणसाला रात्री उसात उभं राहावंच लागतं.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"पेटी वाजली न्हाई."

मी चहा पुन्हा त्याच्यापुढं सरकवला. त्यानंच सांगितलं. "वाघोबा बांधावरनं गेला, माझ्या समोरनं. धुरपदाची शेळी तोंडात होती म्हणून माझ्याकडं बघितलं न्हाई त्यानं. शेळी नसती तर बघितलं असतं."

धुरपदा आमची शेजारीण. तिची शेळी गेली आणि माझा मुलगा राहिला. तिच्यासमोर कसं उभं राहावं हे मला कळत नव्हतं. दुपारी तीच आली आणि म्हणाली, "आत्याबाई, शेळीचं काय घेऊन बसलात, दुसरी आणीन मी. गोकुळभाऊ जेवले का ते सांगा."

मी लग्न होऊन मांडवगणच्या खाली, नदीकडच्या या वस्तीवर आले तेव्हा इथं बिबट्या नव्हता. बाजरी, हुलगा, मटकी एवढंच पिकायचं. उन्हाळ्यात नजर पोचेल तिथपर्यंत उघडं रान. लांडगे असायचे, पण ते मेंढरांच्या मागं. मग पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्या आला. त्याची पिल्लं उसातच जन्मली. त्यांना दुसरं जंगल ठाऊक नाही. आमच्या वस्तीवर त्याला कुणी बिबट्या म्हणत नाही, वाघोबा म्हणतात. नाव घेताना थोडा मान ठेवलेला बरा.

पेटी आणली ती माझ्या नातीनं, समृद्धीनं. गोकुळची ही मुलगी पुण्यात एका लहानशा कंपनीत प्रोग्राम लिहिते. गेल्या वर्षी तिनं उसाच्या कडेनं चार खांब उभे केले आणि प्रत्येकावर एक पेटी बसवली. पेटीत कॅमेरा आणि छोटा कॉम्प्युटर. वाघोबा दिसला की भोंगा वाजतो आणि त्या वेळी रानात जे कोण असतील त्यांना पेटी फोन करते. कोण रानात आहे हे तिला कळावं म्हणून सोपी युक्ती होती. रानात निघताना पेटीच्या नंबरला मिस्कॉल द्यायचा, आपला नंबर चढतो. घरी आल्यावर पुन्हा मिस्कॉल द्यायचा, नंबर उतरतो.

सगळ्यांनी तो नंबर मोबाईलमध्ये 'वाघोबा' म्हणून ठेवला. माझे धाकटे दीर, हौसराव भाऊजी, रानातून येऊन नंबर उतरवायला विसरले आणि तसेच न्हावऱ्याला एका लग्नाला गेले. पंगतीत त्यांचा फोन वाजला. शेजारच्या पाहुण्यांनी पडद्यावरचं नाव वाचून विचारलं, "हे कोण म्हणायचे?" भाऊजी म्हणाले, "आमच्या बांधाला बांध हाय त्यांचा."

तर अशी पेटी आमच्या अंगवळणी पडली होती. आणि तीच मुकी झाली. वरचा हिरवा दिवा चालू, आत सगळं गप्प. बंद करून सुरू केली की पुन्हा ठीक. पंधरा-वीस दिवस चालायची, मग कधीतरी पुन्हा तशीच. वाघोबा समोरून जाईपर्यंत ती गप्प आहे हे कुणाला कळायचं नाही.

शनिवारी समृद्धी आली. गोकुळनं तिला बसूही दिलं नाही.

"समे, पेटी नव्हती तवा आमी काय करायचो? फटाकं घेऊन जायचो, मोबाईलवर मोठ्यानं भारूड लावायचो, दोघं-दोघं जायचो. पेटी आली आन् एकटा जायला लागलो. का? तर माझ्या पोरीनं केलीय. आता ती गप बसती."

"पप्पा, मला कळतंय."

"कळतंय तर काढ खांबावरनं. पेटी न्हाई म्हणून माणूस भ्यालेला बरा. पेटी हाय म्हणून निर्धास्त झालेला मरंल एखाद्या दिवशी."

समृद्धीनं खांद्यावरची बॅग ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "पुढच्या आठवड्यात दिवसाची लाईट आहे. तेवढा वेळ द्या. रात्रीची लाईट सुरू व्हायच्या आत दोष सापडला नाही, तर चारही पेट्या मी स्वतः उतरवते. कंपनीला काय सांगायचं ते मी बघते."

गोकुळ "बघ" म्हणाला आणि बैलांना वैरण टाकायला गेला. समृद्धीनं ती पेटी कंपनीसाठी केली नव्हती. बाप रात्री उसात जातो म्हणून केली होती.

एक पेटी उतरवून तिनं ओट्यावर आणली. शेजारी लॅपटॉप मांडला. मी सूप घेऊन शेंगा फोडायला तिथंच बसले. मला त्यातलं काही कळत नाही, पण माणूस अडचणीत असलं की शेजारी कुणीतरी बसलेलं असावं.

"तुमच्या कंपनीत तपासत नाहीत का गं आधी?" मी विचारलं.

"तपासतात की, आजी. प्रोग्राममध्ये एक ओळ बदलली तरी शेकडो टेस्ट आपोआप चालतात. खोटा बिबट्या दाखवायचा, खोटा फोन लावायचा, भोंगा वाजतो का बघायचं. सगळ्या पास होतात. आणि इथं येऊन पेटी मरते."

"मग मेली की उघडून बघायचं."

"तेच तर केलं. डीबगर म्हणून एक साधन असतं. प्रोग्राम मधेच थांबवून त्याला विचारता येतं, तू आत्ता कुठं आहेस, तुझ्या हातात काय आहे, इथं कुणी पाठवलं. पण पेटी मरते तिथं गेलं की काहीच चूक दिसत नाही. एकदा चित्र वाचताना मेली, एकदा घड्याळ बघताना. मेलेला सापडतो आजी, मारणारा कधीच निघून गेलेला असतो."

मग तिनं मला समजावून सांगितलं. प्रोग्रामला काम करायला जागा लागते, तिला मेमरी म्हणतात. ती मागून घ्यायची, काम झालं की सोडायची. सोडलेल्या जागेवर दुसरं काहीतरी येऊन बसतं. पण प्रोग्रामच्या एखाद्या भागाला जागा सोडल्याचं कळलंच नाही, तर तो जुन्याच जागी हात घालत राहतो.

"म्हणजे पंगतीतला माणूस उठून गेला, त्याच्या पाटावर दुसरा बसला आणि वाढप्यानं पहिल्याचंच मीठ याच्या खिरीत वाढलं."

ती हसली. त्या दिवसातलं ते तिचं पहिलं हसू. "अगदी तसंच. आणि खीर खारट लागते ती नंतर, वाढपी पुढं गेल्यावर."

मेमरीतली ही चूक जागच्या जागी पकडणारा प्रोग्रामही असतो म्हणे. प्रत्येक वेळी हात घातला की तो विचारतो, ही जागा अजून तुझी आहे का? पण एवढं विचारत बसल्यामुळं सगळं काम बैलगाडीच्या चालीनं होतं. म्हणून कंपनीत रोजच्या टेस्टला तो लावतच नव्हते. आणि लावला तरी तो चूक झाली एवढं लिहून पुढं जायचा. त्या क्षणी कोण काय धरून होतं हे विचारायची सोय नसायची.

"एक नुसता ओरडतो आणि दुसऱ्याला विचारता येतं, पण उशिरा पोचतो," समृद्धी म्हणाली. "मी दोघांना एकत्र जोडतेय. पहिली चूक दिसली की तपासणाऱ्यानं प्रोग्राम तिथंच थांबवायचा आणि डीबगरच्या हातात द्यायचा. डीबगरला प्रश्न मी आधीच लिहून देते. ही जागा आधी कुणाची होती, कुणी सोडली, आता कोण हात घालतंय. मी समोर नसले तरी तो विचारून ठेवेल."

मला माझे वडील आठवले. दौंडला रेल्वेत होते. मनमाडकडच्या गाड्यांचं इंजिन तेव्हा दौंडला एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, म्हणून गाडी बराच वेळ उभी असायची. तेवढ्यात वडील लांब दांड्याचा हातोडा घेऊन प्रत्येक चाकावर ठोका मारत जायचे. चाक चांगलं असेल तर खणखणीत वाजायचं, तडा असेल तर आवाज दबका यायचा. मी शाळेतून येताना फलाटावर उभी राहून ऐकत असे. वडिलांच्या मागोमाग कोंडिबा नावाचे फिटर पाना घेऊन चालायचे. दबका आवाज आला की वडील हात वर करायचे आणि कोंडिबा तिथल्या तिथं चाकाखाली शिरायचे. वडील म्हणत, आवाज ऐकून मी पुढं गेलो आणि कोंडिबाला संध्याकाळी सांगितलं, तर काय उपयोग? गाडी तोवर मनमाडला पोचलेली असते.

मी हे समृद्धीला सांगितलं. ती टाईप करता करता थांबली. "पणजोबा हे करायचे? मला कधी कुणी सांगितलं नाही."

"कुणी विचारलं नव्हतं," मी म्हणाले. वडिलांचं नाव त्या ओट्यावर कितीतरी वर्षांनी निघालं होतं. मला फार बरं वाटलं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. खोट्या बिबट्यावर सगळ्या टेस्ट हळूहळू चालून पास झाल्या. तपासणारा एकदाही ओरडला नाही. लाईट जायची, इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालायचा, त्याचा पंखा घरघरायचा. समृद्धीचं जेवण कमी झालं. गोकुळ येता-जाता नुसता बघायचा. बुधवारी मात्र तिच्यामागं येऊन उभा राहिला.

"तुझ्या त्या टेस्टमधी फोन लावल्यावर काय होतं?"

"माणूस फोन उचलतो, सूचना ऐकतो, ठेवतो."

"असला माणूस आपल्या वस्तीवर कोण हाय?"

तो चेष्टेनं म्हणाला होता, पण समृद्धीनं वळून त्याच्याकडं पाहिलं आणि पाहतच राहिली. मग लॅपटॉपकडं वळली. तिनं सगळे खोटे बिबटे आणि खोटे फोन बाजूला काढले. पेटीनं गेल्या महिन्याभरात वस्तीवर खरंच काय पाहिलं, कुणाला फोन कधी लावला, कुणाचा कधी आला, ते सगळं पेटीतून काढून टेस्टला जसंच्या तसं खायला दिलं. "आता तीच पेटी, तीच वस्ती, तीच माणसं," म्हणाली आणि चालू करून धुरपदाकडं ताक प्यायला गेली. मी पाठवलंच तिला. माणूस म्हणजे काय मशीन आहे?

ती नसताना लॅपटॉपचा पंखा एकदम शांत झाला. मी सूप खाली ठेवलं. पडद्यावर चालत असलेल्या ओळी थांबल्या होत्या. मला वाटलं, बिघडलं. मी धुरपदाच्या अंगणाकडं हाक मारली. समृद्धी ताकाचा पेला हातात घेऊनच धावत आली. उभ्या उभ्या वाचू लागली.

"बिघडलं का गं?"

"थांबलंय, आजी. स्वतःहून थांबलंय." तिनं पेला खाली ठेवला. "आणि विचारून ठेवलंय सगळं. बघ, ही जागा एका माणसाच्या नंबरची होती. भोंगा वाजला, पेटीनं त्याला फोन लावला. त्यानं फोन कट केला. 'कट केला' एवढं त्या जागेत लिहायचं बाकी होतं, तेवढ्यात त्याच माणसाचा मिस्कॉल आला. मिस्कॉल म्हणजे नंबर उतरवा. पेटीनं नंबर उतरवला, जागा सोडून दिली. त्या जागेवर कॅमेऱ्याचं चित्र येऊन बसलं. आणि मग त्याच्यावर 'कट केला' लिहिलं गेलं."

"मीठ खिरीत पडलं."

"पडलं. पण बिबट्या समोर असताना कुणी घरी आल्याचा मिस्कॉल कशाला देईल?" तिनं खालचा नंबर मोठ्यानं वाचला.

तो नंबर मला पाठ होता. हौसराव भाऊजींचा.

भाऊजी गोठ्यात धार काढत होते. आम्ही दोघी गेलो. समृद्धीनं विचारलं, "आप्पा, पेटीचा फोन आला की तुम्ही काय करता?"

"कट करतो."

"उचलत का नाही?"

"उचलून काय बोलू? वाघोबा आलाय हे भोंग्यानं सांगितलंच की. आन् आपण काय त्यांना या बसा म्हणणार हाय?"

"आणि मग?"

"मग उलटा मिस्कॉल देतो."

"कशाला?"

भाऊजींनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू पुण्याला जाऊन ही पोरगी रीतभात विसरली. "पोचलं म्हणून. पेटी बिचारी जीव तोडून फोन करती, तिला समजायला नको का माणसाला कळलं म्हणून? दुधाची गाडी आली की गाडीवाला मिस्कॉल देतो, आपण उलटा देतो. तुझी चुलती माहेरी पोचली की देती. तू शिक्रापूरला बस बदलली की देत न्हाईस व्हय आजीला?"

समृद्धी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. आधी हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली.

"काय चुकलं का माझं?" भाऊजी घाबरले. "वहिनी, काय झालं हिला?"

"तुमचं नाही चुकलं, भाऊजी," मी म्हणाले. "तुम्ही पेटीला माणूस समजलात."

"आप्पा, चूक माझी," समृद्धी म्हणाली. "मी इथंच वाढले, मीसुद्धा तसाच मिस्कॉल देते, आणि प्रोग्राम लिहिताना ते माझ्या डोक्यातच आलं नाही. पेटीला काय शिकवलं मी? मिस्कॉल म्हणजे एक तर चाललो नाही तर आलो. तिसरा अर्थ ठेवलाच नाही."

भाऊजींना यातलं किती कळलं कोण जाणे, पण आम्ही निघालो तेव्हा ते तिच्या हातात दुधाची चरवी देऊन म्हणाले, "मग आता दिऊ का नको दिऊ?"

"द्या. तुम्ही बदलू नका, मी पेटी बदलते."

तसं तिनं केलं. भोंगा वाजत असताना मिस्कॉल आला तर त्याचा अर्थ 'समजलं' एवढाच धरायचा आणि नंबर तसाच ठेवायचा. ज्यांचं 'समजलं' येणार नाही, त्यांना पेटी फोन लावतच राहणार. आणि फोनचं काम पुरतं झाल्याशिवाय कुणाचीही जागा सोडायची नाही. बदल छोटा होता, पण तिनं महिन्याभराचं सगळं पुन्हा तपासणाऱ्या त्या जोडीसमोर चालवलं. दोन दिवस ते बैलगाडीच्या चालीनं चाललं आणि कुठंच थांबलं नाही. मग तिनं मुद्दाम वाकड्या टेस्ट लिहिल्या. दहा माणसांनी एकदम मिस्कॉल दिला तर, कट करून लगेच दिला तर, उशिरा दिला तर, चुकून दोनदा दिला तर. गोकुळ शेजारी बसून सांगत होता. "फोन खिशात दाबला गेला तर? बॅटरी संपली तर? बायकोनं उचलला तर?" तो एकेक अडचण काढत होता आणि ती लिहीत होती. बाप-लेक इतका वेळ एका जागी बसलेले मी तिच्या दहावीच्या अभ्यासानंतर पाहिले नव्हते.

एका वाकड्या टेस्टमध्ये आणखी एक लहान चूक सापडली, तीही त्याच जोडीनं धरली. समृद्धीला तिचं वाईट वाटलं नाही. "इथं ओट्यावर सापडली, उसात नाही," एवढंच ती म्हणाली.

रात्रीची लाईट सुरू झाली त्या संध्याकाळी चारही पेट्या खांबावर होत्या. गोकुळ खोरं खांद्यावर टाकून निघाला. जाताना त्यानं पेटीला मिस्कॉल दिला. फटाके मात्र त्यानं खिशात घातले. समृद्धीनं ते पाहिलं आणि म्हणाली, "ते न्याच, पप्पा. पेटी चालली तरी न्या." मला तिचं ते बोलणं फार आवडलं.

सकाळी तो आला तेव्हा पायाला गुडघ्यापर्यंत चिखल होता. आल्या आल्या चहा मागितला.

"वाजली का?" समृद्धीनं विचारलं.

"दोनदा. पहिल्यांदा वाजली तवा मी मोटारीच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. हौसाकाकांनी तिकडनं फटाकं उडवलं. मग पुन्हा वाजली, लांबच्या खांबावरची. नदीकडं गेला असंल."

"आणि तुम्ही मिस्कॉल दिला?"

"दिला की. न्हाईतर ती फोनच सोडंना."

त्यानं दोन कप चहा घेतला, चार भाकऱ्या खाल्ल्या आणि आतल्या खोलीत जाऊन झोपला. मी दारात उभी राहून त्याचं घोरणं ऐकलं. तरुणपणी या माणसाच्या बापाच्या घोरण्यावर मी किती चिडायचे. आता ते घोरणं देवाच्या आरतीसारखं ऐकत होते.

समृद्धीनं आता कंपनीतल्या रोजच्या टेस्टलाही ती जोडी कायमची लावली आहे. साहेब म्हणाले, फार वेळ खातं. ती म्हणाली, दिवसभर माणसं काम करतात तेव्हा नको, बाकीच्या वेळी चालू दे, तिथं कुणी बसून राहायची गरज नाही. थांबलं की सगळं विचारून ठेवलेलं मिळतं.

मी तिला विचारलं, "ते तपासणारं आणि ते विचारणारं, दोन्ही तूच लिहिलंस?"

"छे, आजी. मी फक्त त्यांची गाठ घालून दिली. ती जगभरातल्या लोकांनी लिहिलीत. कुणाला मी पाहिलेलं नाही. वर्षानुवर्षं दुरुस्त करत आलेत आणि कुणालाही वापरायला फुकट ठेवलीत."

"फुकट? आणि कुणी आभार तरी मानतं का त्यांचे?"

"क्वचित. चूक सापडली की मात्र सगळे लिहितात."

मला हे बरोबर वाटलं नाही. माझ्या वडिलांचे आभार कधी कुठल्या प्रवाशानं मानले नाहीत. गाडी मनमाडला सुखरूप पोचल्यावर दौंडला चाकं कुणी ठोकली हे कोण विचारणार? मी समृद्धीला म्हणाले, "लिही त्यांना माझ्या नावानं. सोजरबाई म्हणून लिही. इंग्रजीत घाल."

ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. "सांग."

"लिही, तुम्ही मला ओळखत नाही. माझा मुलगा रात्री दारं धरायला गेला होता..."

"दारं धरणं इंग्रजीत कसं लिहू गं?" ती अडली. "दरवाजा धरून उभा होता असं होईल."

आम्ही दोघी विचार करत बसलो. धुरपदा नवी शेळी दाखवायला घेऊन आली होती, तिलाही विचारलं. ती म्हणाली, "पाण्याला वाट दाखवत होता म्हणून लिहा." समृद्धीनं तसंच लिहिलं. माझा मुलगा रात्री उसात पाण्याला वाट दाखवत होता आणि सकाळी घरी आला. खाली माझं नाव, गाव मांडवगण, तालुका शिरूर. तिनं मला ते वाचून दाखवलं. मला एक शब्दही कळला नाही, पण पाठवायला मीच बटण दाबलं.